पिवळ्या झाकणाची बाटली

आमच्या घरात मद्याला एकच नाव होते : दारू. तिच्यात प्रकार नव्हते, प्रत नव्हती, चव तर नव्हतीच. होते ते फक्त परिणाम. धाकट्या काकांनी तिच्यापायी वाडी गहाण टाकली आणि त्यानंतर आईने उंबरठ्याआत बाटली येऊ दिली नाही. त्यामुळे बेल्जियममध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेला माझा भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, उद्या मठातली बियर प्यायला जाऊ या," तेव्हा मठ आणि बियर हे शब्द एकाच वाक्यात ऐकून मी दचकलो.

तो मठ सिंट-सिक्स्टसचा. पश्चिम फ्लँडर्समधील वेस्टव्लेतेरन या खेड्याबाहेर, हॉपच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पोपेरिंगे गावाजवळ, 1831 साली तो स्थापन झाला आणि काही वर्षांतच तेथे बियर बनू लागली. तेथील व्रतस्थ ट्रॅपिस्ट, म्हणजे मौन आणि श्रम यांना विशेष महत्त्व देणारे. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचा अठ्ठेचाळिसावा अध्याय मठवासीयांनी स्वतःच्या हातांच्या कष्टावर जगावे असे सांगतो. चाळिसावा अध्याय मात्र मला अधिक मानवी वाटतो. संन्याशाला द्राक्षारस शोभत नाही हे मान्य करून, लोक ऐकणार नाहीत हेही ओळखून, तो रोजचे एक माप ठरवून देतो.

माप हा शब्द या मठाने मोठ्या निष्ठेने पाळला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 साली, त्यांनी आपल्या बियरचा व्यापार जवळच्या वाटू गावातील एका कारखान्याकडे परवान्याने सोपवला आणि स्वतः मठाच्या गरजेपुरतेच उत्पादन ठेवले. तो करार 1992 पर्यंत चालला. 2005 साली एका संकेतस्थळावरील रसिकांनी त्यांच्या 'बारा' क्रमांकाच्या बियरला जगात पहिला मान दिला. मठाच्या दारापुढे मोटारींची रांग लागली, साठा संपला. मठवासीयांनी उत्पादन काही वाढवले नाही. मठाच्या नव्या बांधकामासाठी पैसा हवा होता, तेव्हा 2011 आणि 2012 मध्ये त्यांनी काही बाटल्या बाहेरच्या बाजारात आणि परदेशी पाठवल्या. गरज भागली, विक्री थांबली. व्यापारशास्त्राच्या कोणत्याही प्राध्यापकाने त्यांना नापास केले असते!

मठासमोरच 'इन दे व्रेदे' नावाचे त्यांचे उपाहारगृह आहे. तेथे आमच्यापुढे पिवळ्या झाकणाची ठेंगणी, तपकिरी बाटली आली. बारा हा आकडा मद्यार्काचा नव्हे, मद्यार्क 10.2 टक्के, म्हणजे नेहमीच्या बियरच्या दुप्पट. भाच्याने ती बुडाच्या पेल्यात हळूहळू ओतली आणि तळाशी बसलेले यीस्ट बाटलीतच राहू दिले. रुंद तोंडाच्या, पाय असलेल्या त्या पेल्याकडे पाहताना वेदीवरील चषक आठवला आणि मनाला थोडा संकोच झाला.

रंग काकवीचा; उजेडाकडे धरले की कडेला लालसर. हा काळेपणा करपवलेल्या धान्याचा नसून साखर तापवून केलेल्या गडद पाकाचा आहे, असे भाच्याने सांगितले. पेय बर्फासारखे थंड नव्हते, तळघरातून आणल्यासारखे होते. तसे नसते तर वासच आला नसता. प्रथम खजूर, मग काळ्या मनुका आणि सुके अंजीर, आणि या सर्वांच्या मागे आमच्याकडे पुडिंगसाठी भांड्याच्या तळाला साखर जाळतात, तिचा कडवट गंध. पहिला घोट गोड लागेल अशी अपेक्षा होती. तो जाड, उबदार लागला आणि गोडवा पुरता पसरण्याआधीच हॉपच्या कडूपणाने त्याला आवरले. पेला जसजसा कोमट होत गेला तसतशी चव बदलत गेली. एवढ्याशा पेल्याला आम्हांला जवळजवळ तास लागला.

त्या तासात काका सारखे आठवत राहिले. त्यांना चवीने पिताना मी कधी पाहिले नाही. गुत्त्यात उभ्याउभ्या, डोळे मिटून, औषध घ्यावे तसे ते घोटत आणि तोंड वाकडे करीत. इतक्या वर्षांत त्यांना आपण काय पितो हे एकदा तरी कळले असेल का? 'दारू ती दारूच,' आई म्हणाली असती आणि तिचे चुकले नसते, 10.2 टक्के हे 10.2 टक्केच. मला दुसरा पेला नको होता आणि त्यासाठी कोणताही निश्चय करावा लागला नाही, एवढेच मी तिला सांगू शकलो असतो.

परतीच्या वाटेवर भाच्याने आखेलच्या मठाची हकिगत सांगितली. ट्रॅपिस्ट संघाची षटकोनी मुद्रा मिळण्यासाठी बियर मठाच्या आवारात, मठवासीयांच्या देखरेखीखाली बनावी लागते आणि चरितार्थ चालून उरलेला पैसा सेवाकार्यात जावा लागतो. आखेलचे शेवटचे मठवासी गेले, आणि 2021 साली तेथील बियरची ती मुद्रा गेली. 2023 मध्ये मठाची वास्तू खासगी मालकाकडे गेली. आखेल नावाची बियर आजही मिळते. भाच्याने ती घेऊन पाहिली आहे. चांगली आहे, म्हणाला.