राणीच्या महालात कबर

पाथर्डीच्या शाळेत मी इतिहास शिकवायला लागलो, त्यातली पहिली दोन वर्षे फुकट गेली हे आज कबूल करायला हरकत नाही. मी सनावळ्या घोकून घेई. मुले घोकीत आणि परीक्षा संपताच विसरत.

मग एका पावसाळी दुपारी ह. ना. आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी वर्गात वाचू लागलो. मागच्या बाकावरची झोपाळू मंडळीसुद्धा कान टवकारून बसली. मला हुरूप आला. आपल्या नगरची म्हणून चांदबिबीवर मी स्वतःच एक पोवाडा रचला. १५९५ सालचा मोगलांचा वेढा, सुरुंगाने ढासळलेला तट, रातोरात तो बांधून घेणारी राणी! मुले डफावर थाप मारून गात. एका कडव्यात मी राणीला डोंगरावरच्या 'चांदबिबी महाला'त उभी करून शत्रूची छावणी न्याहाळायला लावले होते.

त्या हिवाळ्यात आमची सहल नगरला निघाली. वाटेतच तो महाल. मुले पोवाडा म्हणतच डोंगर चढली. एक अबोल मुलगा तळघरात डोकावून आला नि म्हणाला, "गुरुजी, राणीच्या महालात कबर कशी?"

सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. दटावून गप्प बसवणे सोपे होते. पण तो प्रश्न मला कधी पडलाच नव्हता! "शोधू या," एवढेच कसेबसे म्हणालो.

जिल्ह्याच्या गॅझेटियरात उत्तर सापडले. तो महाल नव्हेच. मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची ती कबर. माझे कडवे मुलांनीच खोडले.

तेव्हापासून गोष्ट सांगून झाली, की फळ्यावर दोन रकाने पडू लागले : 'गोष्टीत काय' आणि 'पुराव्यात काय'. तानाजी १६७० साली पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असे आपण सांगतो; पण १६६३ च्या पत्रातही सिंहगड हे नाव आहे. हे ऐकून एकजण रडवेला झाला. "मग तानाजी खोटा, गुरुजी?"

"नाही रे बाळा. लढाई खरी, मरणही खरे. नावाची गोष्ट तेवढी मागून चिकटली."

या दिवाळीत तुमच्या अंगणातही मुले मातीचा किल्ला करतील. त्यांना गोष्ट जरूर सांगा. आणि "खरंच असं झालं होतं?" असे कुणी विचारले, तर रागावू मात्र नका.