टायरची कुंडली

१८५/६५ आर १५ ८८ एच.

नाही, हा कुणाचा पासवर्ड नाही. खाली पार्किंगमध्ये तुमची गाडी उभी आहे ना, तिच्या टायरच्या बाजूला असंच काहीतरी उठावाच्या अक्षरांत लिहिलेलं असतं. रोज दिसतं, पण वाचतो कोण?

तर मंडळी, आज तेच वाचू. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ मात्र मिलिमीटर नाहीत, टक्के आहेत! टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिमी. आर म्हणजे रेडियल (रेडियस नव्हे). १५ हा रिमचा व्यास, आणि तो चक्क इंचांत. एका ओळीत तीन एककं! आमच्या टीममध्ये कुणी असं लिहिलं असतं तर कोड रिव्ह्यूत त्याची सालटी निघाली असती.

८८ म्हणजे ८८ किलो नाही. तक्त्यात बघायचं: एका टायरला ५६० किलो. शेवटचं अक्षर कमाल वेगाचं. एस १८०, टी १९०, यू २००, मग २१० ला एकदम एच, आणि पुढे व्ही २४०. वर्णमाला गेली उडत. लेगसी सिस्टिम, दुसरं काय!

असो. ही माहिती टायर घेताना दुकानदारही बघतो. पण एक आकडा असा आहे, की जो आपला आपणच बघावा. 'डीओटी' अशी अक्षरं शोधा. त्या लांबलचक कोडच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. टायरची जन्मतारीख.

आमच्या टीममधला एक जण जुनी गाडी घेत होता. बायकोला सातवा महिना, आईवडील नागपूरला, त्यामुळे पुण्याहून समृद्धी महामार्गाने जाणं-येणं ठरलेलं. गाडी २०१४ ची, चाललेली जेमतेम २८ हजार किलोमीटर. एजंट म्हणाला, "टायर बघा साहेब, नखभर पण झिजले नाहीत." आणि तो खोटं बोलत नव्हता. नक्षी खरंच खोल होती.

मी वाकून कोड वाचला. १४१४. म्हणजे २०१४ चा चौदावा आठवडा. चारही टायर गाडीसोबत जन्मलेले, दहा वर्षं उलटून गेलेले.

"अरे, पण गोटा तर झालेला नाहीये ना टायर?" मित्र म्हणाला.

गोम तिथेच आहे. आपण फक्त झीज बघतो. नक्षी १.६ मिमीवर आली की टायर बदलायचा, त्यासाठी खाचांमध्ये छोटे उंचवटेही दिलेले असतात. पण रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ऊन यांनी ते कडक होतं, आतून भेगा पडू लागतात. शहरात ताशी तीसने ते निभावून जातं. समृद्धीवर एप्रिलच्या उन्हात ताशी १२० ने तासन् तास पळताना टायर आतून तापतो, आणि हवा कमी असेल तर आणखीनच. म्हणूनच बऱ्याच टायर कंपन्या सांगतात, की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करा आणि दहा वर्षांनंतर टायर कसाही दिसत असला तरी बदला.

चार टायर म्हणजे वीस हजारांच्या पुढे. मित्राचा चेहरा पडला, ईएमआयचा हिशोब आधीच घट्ट होता. पण त्याने त्या चार आकड्यांवर घासाघीस केली, एजंटने अर्धा खर्च सोसला, आणि गाडी नव्या टायरवरच घरी आली.

तर या वीकेंडला पाच मिनिटं काढा. तारीख बाहेरच्या बाजूला दिसली नाही, तर आतल्या बाजूला बघा, बऱ्याचदा पूर्ण कोड एकाच बाजूला असतो. आणि हो, डिकीतली स्टेपनी विसरू नका. ती कधीच झिजत नाही, म्हणून तिचं वय कुणी विचारतच नाही.