सहलीची तारीख तिथीवर ठरवा

पदवीच्या मुलांना घेऊन मी सिंधुदुर्गातल्या खाड्यांवर जात आले आहे, आणि एक गोष्ट मला अजूनही सलते. आपल्या बहुतेक क्षेत्रभेटी कांदळवनात पोहोचतात तेव्हा कांदळवन पाण्याखाली असतं. बस अकराला येते, दीडला जेवण, तीनला परत. मधल्या वेळात मुलांना दिसतो तो पाण्यावर तरंगणारा हिरवा शेंडा. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्यही आलं. म्हणजे सहल कागदावर झालेली असते, जर्नलवर सहीही पडते. मात्र तिवराची मुळं चिखलातून वर का येतात, हे त्या मुलांनी पाहिलेलं नसतं.

भरतीचा हिशोब किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बारा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. आता बघा, पाणी सर्वांत खाली उतरतं ते उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, आणि त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर भरदुपारी भरतीच असते, तळ उघडा पडतो तो सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. अष्टमीला दुपारी ओहोटी मिळते खरी, पण ती भांगाची, पाणी फारसं हटतच नाही. थोडक्यात, अकरा ते तीन ही वेळ धरली की कोणतीही तारीख काढा, खाडीचा तळ नीट दिसणार नाही. उपाय सोपा आहे. पौर्णिमेनंतरची तृतीया धरा. उधाणाचा जोर टिकून असतो आणि पाणी सकाळी आठच्या सुमारास तळाला जातं. तेव्हा चिखलात पेन्सिलीएवढी श्वसनमुळं शेकड्यांनी उभी दिसतात, त्यांच्यामधून निवटे उड्या मारत असतात. तिवराचं पान चाटून बघितलं तर जिभेला मीठ लागतं, कारण झाड जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. कांदळाच्या लांब शेंगा झाडावर असतानाच रुजलेल्या असतात. शेजारी बायका चिखल चाळून तिसऱ्या काढत असतात, आणि त्यांच्याशी अर्धा तास बोललं तर जे कळतं ते आमच्या पाठ्यपुस्तकात नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा आणि जबाबदारीचा. आठला खाडीत असायचं तर आदल्या रात्री मुक्काम हवा, त्यात मुली असतात, पालकांना विचारावं लागतं. ही अडचण मी हलकी मानत नाही. पण याच कॉलेजांच्या किल्ले आणि धबधब्यांच्या सहली मुक्कामाच्या असतात आणि त्यांना परवानगी मिळते. एक दिवस जास्त नको असेल तर त्यातला एक किल्ला गाळा. व्हिडिओ दाखवला तर काय बिघडलं, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते, चिखलात पाय रुतल्यावर मुलं जे प्रश्न विचारतात ते पडद्यासमोर बसून विचारत नाहीत.

दुसरा आक्षेप मात्र मला निरुत्तर करतो. साठ मुलं चिखलात उतरली तर श्वसनमुळं मोडतात, नवी रोपं तुडवली जातात. ज्या कांदळवनासाठी राज्याने २०१२ साली वन विभागात वेगळा कक्ष काढला, ते आम्ही शिकवण्याच्या नावाखाली तुडवावं का? पंधरा-पंधराच्या तुकड्या केल्या, कडेकडेने चाललो, तरी नुकसान शून्य होत नाही. मग मला वाटायला लागतं की सगळ्यांनी उतरूच नये. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिलांचा बचत गट होडीतून कांदळवन दाखवतो. होडीला पाणी लागतं, म्हणजे मी इतका वेळ जिच्यावर राग काढला ती भरतीच तिथे उपयोगाची. बहुतेकांनी होडीतून बघावं आणि थोड्यांनी, ज्यांना पुढे हाच विषय घ्यायचा आहे त्यांनी, ओहोटीला उतरावं, असं मला आता वाटतं. दोन्हींसाठी तारीख मात्र तिथी बघूनच काढावी लागेल, आणि ते जूनमध्ये वार्षिक वेळापत्रक बनतं तेव्हाच व्हायला हवं, कारण डिसेंबरात बस ठरल्यावर कोणी पंचांग उघडत नाही.