देवीचा टाक आणि अर्ध्या अश्वशक्तीची मोटर

तापी खानदेशातून सुरतेला जाते, तसे आमचे वडीलही गेले. पोटासाठी नंदुरबारला गाडीत बसले आणि उधन्याला उतरले, ते तिथलेच झाले. मागाच्या खडखडाटात आमचे बालपण गेले. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि गल्लीत गुजराती. घसारा या शब्दाचा अर्थ मात्र मला दोन्हीकडे सारखाच कळला, तो १९९६ च्या दिवाळीत.

त्या वर्षी मी भंगारातून अर्ध्या अश्वशक्तीची एक मोटर आणली होती. पाटीवर २८८० फेरे लिहिलेले. मागच्या पडवीत फळीवर ती बसवली, दांड्याला सहा इंची कापडी बफ लावला, तांबडी रूजची वडी टेकवली आणि शेजारच्या पाच घरांची समई-निरांजने आरशासारखी करून दिली. मग हिंमत वाढली. आजी दिवाळीसाठी गावाकडून आली होती, तिच्या देव्हाऱ्यातला सप्तशृंगीचा चांदीचा टाक काळवंडला होता. तिला न विचारता मी तो चाकाला लावला.

अर्धे मिनिटही लागले नसेल. टाक झळाळला खरा, पण देवीचे डोळे गेले. अठरा भुजांपैकी मोजता येण्यासारख्या पाच-सहाच उरल्या. पातळ पत्र्यावरचा उठाव तो, किती टिकणार? आजीने तो हातात घेतला, उजेडाकडे धरला. "हाई काय करं रे पोरा?" एवढेच म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

झाले ते कशाने, हा विचार पाठ सोडीना. वेग कमी हवा, एवढे कळले होते. म्हणून पंख्याचा रेग्युलेटर जोडला. तो लगेच जळाला. मग कुणाकडून तरी डिमरस्टॅट आणला. व्होल्टेज उतरवले तरी मोकळी मोटर जवळजवळ त्याच वेगाने फिरे आणि भांडे टेकवले की कण्हत बसे. चौथ्या दिवशी वास आला, धूर आला.

वाइंडिंगवाल्या भाईंनी ती उघडून मला समोर बसवले. म्हणाले, या जातीच्या मोटरचा वेग विजेच्या ५० हर्ट्झला आणि आतल्या पोलांना बांधलेला असतो, व्होल्टेजला नव्हे. व्होल्टेज निम्मे केले की जोर मात्र पावपट उरतो. ओझ्याखाली ती मंदावली की सुरुवातीचे वाइंडिंग जोडणारा आतला स्विच पुन्हा मिटतो. ते वाइंडिंग क्षणभरासाठी केलेले. सतत चालले की जळणारच. पंख्याची गोष्ट वेगळी, त्याचे ओझे वेगाबरोबर आपोआप घटते.

उपाय साधा निघाला. मोटरला दोन इंची पुली, वेगळ्या दांड्यावर सहा इंची, मध्ये पट्टा. फेरे ९६० वर आले. सहा इंची चाकाची कड आधी मिनिटाला सुमारे १३८० मीटर धावत होती, ती ४६० वर आली. पट्टा मी जरा सैलच ठेवतो. वस्तू अडकली तर तो घसरतो, बोट वाचते. वस्तू चाकाच्या मध्याखाली धरायची, म्हणजे सुटली तर जमिनीकडे जाते. साखळी तर चाकाला कधीच लावायची नाही. आता थ्री-फेज मोटर आणि ड्राइव्ह घेतला तर वेग बटणावर बदलतो, पण मला पट्टाच बरा वाटतो.

शेजारचे काका वराछाला हिऱ्यांच्या घंटीवर बसत. त्यांना माझी पुलीची करामत दाखवली. ते हसले. "अमे स्पीड नथी फेरवता, हाथ फेरवीए." घंटी मिनिटाला तीनेक हजार फेरे घेत असते, हिरा किती दाबायचा, कोणत्या अंगाने धरायचा, ते माणसाने ठरवायचे. मला ते थोडे लागलेच.

आजीला नवा टाक करून देतो म्हणालो, जुना तापीत सोडू. ती ऐकेना. पन्नास वर्षे तिने तो विभूतीने, अंगठ्याने घासला होता. देवीचे नाक म्हणे तिच्याच हाताने झिजले होते. "मी ओळखते तिला," म्हणाली आणि टाक पुन्हा देव्हाऱ्यात ठेवला.

आजी जाऊन बरीच वर्षे झाली. पडवीतले चाक अजून चालते, दिवाळीच्या आठवड्यात तर रात्री दहापर्यंत. टाक मात्र मी धनत्रयोदशीला विभूती घेऊन, देव्हाऱ्यासमोर बसून, अंगठ्यानेच पुसतो. भुजा मोजत नाही.