रुग्णाला सांगायचे कोणी?

पुणे–सातारा महामार्गावरून कापूरहोळ येथे भोरकडे आणि नसरापूरच्या चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे रस्ते फुटतात. या दोन तालुक्यांतील कोणाला कर्करोगाची शंका आली, की त्याचा प्रवास याच रस्त्यांनी पुण्याच्या दिशेने सुरू होतो. भोरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय पहिली तपासणी करून पुढे पाठवते. गाठीचा तुकडा तपासणे, शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन यांसाठी पुणे गाठावेच लागते. काही जण तेथूनही पुढे मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात जातात. केळदसारख्या घाटमाथ्याजवळच्या गावाहून येणारा रुग्ण पहाटे निघतो, दुपारपर्यंत रांगेत बसतो आणि डॉक्टरांसमोर त्याला जेमतेम पाच-दहा मिनिटे मिळतात. त्या मिनिटांत जे बोलले जाते, किंवा बोलायचे राहून जाते, त्यावर त्याचे पुढचे कित्येक महिने अवलंबून असतात.

रुग्णांच्या तक्रारी ऐकल्या, तर उद्धटपणाची तक्रार त्यामानाने कमी आढळते. ‘काय सांगितले ते कळलेच नाही’ ही तक्रार मात्र फार मोठी आहे. अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला असे सांगितल्यावर काही चांगले घडले, असे समजून देवापुढे साखर ठेवणारी माणसे आहेत. ‘सहा सायकल’ म्हणजे काय, ‘स्टेज’ कशाची, हे विचारण्याचे धाडस होत नाही. गाठीला सुई लावली की रोग पसरतो, ही समजूत गावोगाव आहे. ती कोणी दूर केली नाही, तर रुग्ण तपासणीच टाळतो आणि सहा महिन्यांनी परत येतो. केस गळतील हे बहुधा सांगितले जाते. परंतु केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना १००.४ अंशांवर ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठले पाहिजे, ही जीव वाचवणारी गोष्ट अनेकदा छापील कागदावरच राहते. पुण्यात राहणाऱ्याला ती अर्ध्या तासाची बाब असते. डोंगरापलीकडच्या घराला मात्र वाहनाची सोय आधीच करून ठेवावी लागते.

व्यापारी घरांत आणखी एक अडचण असते. तेथे डॉक्टर बोलतात ते मुलाशी किंवा भावाशी. भोर परिसरातील एका कुटुंबात असेच घडले. दुकानाची रोजमेळ स्वतःच्या हाताने लिहिणाऱ्या गृहस्थांना अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. मुलाने डॉक्टरांना बाहेर गाठून विनंती केली, “पप्पांना काही सांगू नका, ते खचतील.” डॉक्टरांनी ते मान्य केले. घरात ‘अल्सर’ हा शब्द ठरला. फाईल कपाटात कुलपात गेली, पाहुण्यांना दारातच सूचना मिळू लागली. गृहस्थांना सर्व उमगले होते. रेडिएशन विभागाबाहेरची पाटी त्यांना वाचता येत होती. तरीही मुलाला वाईट वाटू नये म्हणून तेही गप्प राहिले. दोन्ही बाजू एकमेकांना जपत राहिल्या आणि शेवटचे चार महिने या बाप-लेकांत एकही मनमोकळे बोलणे झाले नाही. कोणाचे येणे, कोणाचे देणे, धाकट्या भावाशी वीस वर्षे तुटलेले बोलणे, हे सर्व तसेच राहिले. खतावणीतील पैशाचा हिशोब मुलाने नंतर जुळवला. काका-पुतण्यांचा दुरावा अजून जुळलेला नाही.

मुलाचा हेतू प्रेमाचाच होता, म्हणून त्याला दोष देणे सोपे नाही. तथापि कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आजाराचे स्वरूप, उपचाराचा हेतू, त्याचे धोके आणि त्याला असलेले पर्याय ही माहिती रुग्णाला पुरेशी दिल्यानंतरच त्याची संमती खरी मानता येते. त्या खटल्यात रुग्ण महिला भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया करण्यात आली होती. सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत अशी संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. आईसारख्या जवळच्या नात्यालाही जी मुभा नाही, ती आपल्याला आहे असे आपण घरोघर गृहीत धरतो.

मग सर्व काही रुग्णाच्या तोंडावर सांगून टाकावे काय? तसेही नाही. सन २००० मध्ये वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाची वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. ती आज अनेक देशांत शिकवली जाते. प्रथम निवांत जागा पाहून बसावे. नंतर रुग्णाला आजाराविषयी काय समजले आहे, ते विचारावे. किती जाणून घ्यायचे आहे, हेही त्यालाच विचारावे. मग साध्या शब्दांत, थोडे थोडे सांगावे. त्याच्या भावनांना वाट द्यावी. आणि शेवटी पुढे काय करायचे, ते दोघांनी मिळून ठरवावे. सांगण्यापूर्वी दोनदा विचारणे, हे या पद्धतीचे मर्म आहे. ‘मला नको सांगू, मुलाशी बोला’ असे रुग्ण स्वतः म्हणाला, तर तोही त्याचा अधिकारच होय. मात्र हे त्याने म्हणायचे असते, त्याच्या वतीने इतरांनी ठरवायचे नसते.

जैन कुटुंबांना हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. सत्य हे व्रत आहे आणि त्याच्या जोडीला भाषासमिती आहे. बोलावे ते हितकर, मोजके आणि समोरच्याला इजा न करणारे असावे, ही शिकवण लहानपणापासून कानांवर पडलेली असते. असत्य बोलून दिलेला दिलासा तिच्यात बसत नाही आणि धाडकन फेकलेले सत्यही बसत नाही. शिवाय क्षमापना, दान, पच्चक्खाण या गोष्टी दुसऱ्याने आपल्यासाठी करता येत नाहीत. आपल्याजवळ किती काळ आहे, हे ज्याच्यापासून लपवले, त्याच्याकडून आपण ही संधीही काढून घेतो.

दुसरीकडे, आपणही डॉक्टरांपासून पुष्कळ लपवतो. चौविहार पाळणाऱ्या आजी सूर्यास्तानंतर पाणी घेत नाहीत आणि त्यामुळे रात्रीची गोळीही घेत नाहीत. मात्र रुग्णालयात त्या ‘वेळेवर घेते’ एवढेच सांगतात. वेदनेसाठी दिले जाणारे साधे मॉर्फिन दर चार तासांनी घ्यावे लागते, म्हणून त्यांची रात्र वेदनेत जाते आणि डॉक्टरांना वाटते, औषध लागू पडत नाही. खरे कारण कळले, तर बारा तास पुरणाऱ्या गोळीचा विचार करता येतो. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते, म्हणून ती गुपचूप टाकून देणारे रुग्ण आहेत. ते बोलले, तर गोळीच्या रूपातील पर्याय शोधता येतो. केमोथेरपीच्या दिवसांत उपवास किंवा आयंबिल करावे की नाही, हेही मोकळेपणाने विचारावे आणि महाराजसाहेबांनाही आजाराची खरी स्थिती सांगावी. आजारात व्रताला सवलत आहे, हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावर रुग्णाच्या मनावरचे ओझे उतरते.

जेथे ऐकून घेणे हाच उपचाराचा भाग मानला जातो, अशी एक जागा या दोन तालुक्यांच्या वाटेवरच आहे. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र चालते. तेथे कर्करोगाच्या रुग्णांची सेवा विनामूल्य होते आणि घरचा माणूस रुग्णासोबत राहू शकतो. ‘तेथे गेले म्हणजे संपले’ हा समज चुकीचा आहे. उपचार सुरू असतानाही वेदना, उलट्या, जखमा आणि मनाची घालमेल यांसाठी तेथे मदत मिळते. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी दाखवून दिले होते, की रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते. तिच्यात भीती, घराची काळजी आणि श्रद्धेचे प्रश्नही मिसळलेले असतात. ते सर्व कळण्यासाठी कोणीतरी जवळ बसून ऐकावे लागते.

बोलण्याने किती फरक पडतो, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगत आणि शंका असलेल्यांना बार्शीच्या रुग्णालयात आणत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात उपचाराला येऊ लागल्या. भोर-वेल्ह्याच्या वाड्या-वस्त्यांत हे काम आशा कार्यकर्तीच करू शकते. तिचे म्हणणे घराच्या उंबऱ्यावर न थांबवता आत घेतले पाहिजे.

काही सवयी घरूनच लावता येतात. भेटीला जाताना प्रश्न वहीत लिहून न्यावेत आणि उत्तरे रुग्णासमोरच लिहून घ्यावीत. डॉक्टरांचे बोलणे संपल्यावर ‘मला असे समजले, बरोबर आहे ना?’ असे विचारावे. कागदपत्रांच्या प्रती मागितल्यास डॉक्टरांनी त्या ७२ तासांत द्याव्यात, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. संकोचाने गप्प राहून कर्ज काढू नये.

आपल्या शास्त्रांनी वैयावृत्त्याला, म्हणजे आजाऱ्याच्या सेवेला, आभ्यंतर तपात स्थान दिले आहे. रुग्णाचे पाय चेपणे, पथ्य सांभाळणे, गाडीची सोय करणे ही त्याची अंगे आपली कुटुंबे उत्तम पाळतात. रुग्णाशेजारी बसून ‘तुम्हाला काय विचारायचे आहे?’ असे म्हणणे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबणे, हेही त्याच तपाचे अंग आहे.