तीन वेळा नाही

दरवर्षी झावळ्यांच्या रविवारी प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत ऐकताना माझे मन एका जागी अडखळते. प्रमुख याजकाच्या वाड्यातले ते अंगण, पेटलेला विस्तव, भोवती शेकत बसलेली माणसे आणि त्यांच्यात अंग चोरून उभा असलेला पेत्र. बालपणी मला वाटे, पेत्र भित्रा होता. आता सत्तरी उलटल्यावर वाटते, तो अगदी आपल्यासारखा होता. नाकारणे हे अज्ञानाचे लेकरू नव्हे. ज्याला ठाऊक नसते तो विचारतो. ज्याला ठाऊक असते, पण त्या ठाऊक असण्याची किंमत मोजायची नसते, तो नाकारतो.

हे मी अधिकाराने लिहितो आहे. पृथ्वीच्या तापण्याविषयी मीही तीनदा नाही म्हटले आहे. आणि माझी उभी हयात शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली आहे.

पहिली वेळ १९९५ च्या डिसेंबरातील. नववीचा वर्ग होता. एका मुलीने वर्तमानपत्राचे कात्रण आणले होते. माणसाच्या व्यवहारांचा पृथ्वीच्या हवामानावर परिणाम होत असल्याचे जगभरच्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन म्हटले आहे, अशी ती बातमी होती. "सर, हे खरं आहे का?" तिने उभे राहून विचारले. त्या आठवड्यात वसईत बऱ्यापैकी थंडी पडली होती. मी म्हणालो, "काल रात्री मी दोन गोधड्या घेऊन झोपलो. तापलेली पृथ्वी अजून आमच्या आळीत पोहोचलेली दिसत नाही!" वर्ग खो खो हसला. मुलगी मान खाली घालून बसली. एका दिवसाची हवा वेगळी आणि तीस वर्षांची सरासरी वेगळी, हा धडा मी त्याच वर्गाला महिनाभरापूर्वी शिकवला होता.

पुढे २६ फेब्रुवारी २०१५ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये जेम्स इन्होफ नावाच्या सदस्याने बाहेरच्या बर्फाचा एक गोळा सभागृहात आणला आणि पृथ्वी तापते म्हणणाऱ्यांची थट्टा करीत तो भिरकावून दिला. आदले २०१४ हे वर्ष तोवरच्या नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरल्याचे त्यांच्याच देशातील संस्थांनी महिनाभरापूर्वी जाहीर केले होते. लोक त्या चित्राला हसले. मला हसू आले नाही. त्यांच्या हाती बर्फाचा गोळा होता, माझ्या अंगावर दोन गोधड्या होत्या, एवढाच काय तो फरक.

दुसरी वेळ आमच्या धर्मग्रामातील एका सभेत आली. वर्ष २००७. एका तरुण फादरांनी हवामानबदलावर व्याख्यान ठेवले होते. मी उठून म्हणालो, "फादर, पृथ्वीचे हवामान नेहमीच बदलत आले आहे. हिमयुगे आली आणि गेली. शिवाय जलप्रलयानंतर परमेश्वराने नोहाला वचन दिले आहे की, पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन यांचा क्रम थांबणार नाही. मग माणसाने एवढी चिंता का वाहावी?" टाळ्या पडल्या. घरी येताना मला आपण श्रद्धेची बाजू राखल्याचे समाधान वाटत होते. तेच वचन ते इन्होफही पुढे करीत असत, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

त्या दिवशी मी उत्पत्तीच्या पुस्तकाचे एक पान कमी वाचले होते. तो करार एकट्या नोहाशी झालेला नाही. तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक जिवाशी, पाखरांशी आणि रानपशूंशीही तो झाला आहे. परमेश्वराने ज्यांना साक्षीदार नव्हे तर पक्षकार केले, त्यांना मी त्या सभेत मोजलेच नाही.

विज्ञानाचेही मी अर्धेच सांगितले होते. हवामान पूर्वीही बदलले, हे खरे. पण त्या बदलांना बहुधा हजारो वर्षे लागली. हवाई बेटांवरील मौना लोआच्या वेधशाळेत १९५८ साली मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. एका माणसाच्या आयुष्यात, माझ्या आयुष्यात, हे घडले. सूर्यच अधिक तापला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा थंड होतो आहे. अंगावर पांघरूण वाढले की असेच होते. गोधडीचे उदाहरण मी द्यायला हवे होते, पण ते या कामी.

मी टाळ्या घेत होतो त्याच सुमारास, ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामधील टोरेस सामुद्रधुनीत ब्रॅम्बल के नावाच्या चिमुकल्या बेटावर उंदराच्या जातीचा एक तपकिरी प्राणी जगत होता. त्याला मेलोमिस म्हणतात. बेट समुद्रसपाटीपासून जेमतेम तीन मीटर उंच. भरतीचे आणि वादळाचे पाणी पुन्हा पुन्हा आत शिरले, त्याच्या खाण्याची झुडपे गेली. २००९ साली तो शेवटचा दिसला. २०१४ साली शोधूनही सापडला नाही. २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारने तो नामशेष झाल्याचे जाहीर केले. माणसाने घडवलेल्या हवामानबदलामुळे नाहीसा झालेला पहिला सस्तन प्राणी म्हणून आज त्याचे नाव घेतले जाते. कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला जीव! पाणी चढले तेव्हा त्याच्यासाठी तारू नव्हते.

तिसरी वेळ मला सर्वांत अधिक बोचते. २०२३ च्या मार्चमध्ये मी नातीला घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला गेलो. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव आता कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन येथे कासवांचे रक्षण सुरू केले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि मागे वळून न पाहता समुद्रात जाते. कोल्हे-कुत्री आणि चोर यांच्यापासून वाचवण्यासाठी ती अंडी कुंपणात नेऊन पुरतात. दीड-दोन महिन्यांनी पिले वर येतात. सकाळी टोपली उचलली की तळहाताएवढीही नसलेली ती पिले लुटूलुटू पाण्याकडे निघतात. नात श्वास रोखून पाहत होती.

तेथील एका तरुणाने आम्हांला समजावून सांगितले. कासवाचे पिलू नर होणार की मादी, हे आईबापांवर ठरत नाही. वाळूच्या उष्णतेवर ठरते. २९ अंशांच्या आसपास नर आणि मादी साधारण सारखे निपजतात. त्याहून वाळू तापली की माद्या वाढतात. फारच तापली तर जीव अंड्यातच मरतो. आणि पिलू नुसते पाहून नर की मादी ते ओळखता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांची तपासणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तेथील वाढत्या वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या. दहा कोटींहून अधिक वर्षे ही जात पृथ्वीवर नांदली. आज किनारा पिलांनी भरलेला दिसतो, आणि त्या भरल्या किनाऱ्यातच तिचे निपुत्रिकपण दडलेले असू शकते.

नातीने विचारले, "आजोबा, मग आपण काय करायचं?"

मी म्हणालो, "बाळा, आपण दोघं काय करणार? हे मोठ्या देशांचं काम."

ती काही बोलली नाही. तिने मान खाली घातली. ती मान मी ओळखली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तशीच एक मान माझ्या वर्गात खाली गेली होती. कोणासाठी कोंबडा आरवतो, माझ्यासाठी एवढेच पुरे झाले. पहिल्यांदा मी म्हणालो, तापत नाही. दुसऱ्यांदा म्हणालो, तापते, पण आमच्यामुळे नाही. तिसऱ्यांदा म्हणालो, आमच्यामुळे असेल, पण आमच्या हाती काही नाही. शब्द निराळे, 'नाही' तेच.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला परमगुरू फ्रान्सिस यांचे हवामान-संकटावरील पत्र प्रसिद्ध झाले. हे संकट उडवून लावणारी, अविचारी मते आपल्याला ख्रिस्तसभेच्या आतही भेटतात, अशी खंत त्यांनी त्यात व्यक्त केली आहे. ते परमगुरू आता आपल्यात नाहीत. पण ते वाक्य वाचताना हे आपल्यालाच उद्देशून आहे असे मला वाटले, आणि मी त्या जुन्या विद्यार्थिनीचा शोध घेतला. ती आता एका शाळेत भूगोल शिकवते. मी फोनवर तो प्रसंग सांगितला आणि क्षमा मागितली. क्षणभर ती गप्प राहिली. मग म्हणाली, "आठवतं, सर. त्यानंतर मी वर्गात कधी हात वर केला नाही." थोडे थांबून पुढे म्हणाली, "माझ्या वर्गातली मुलं मात्र खूप विचारतात."

पेत्राची कथा रडण्यावर संपत नाही. तिबिर्याच्या किनाऱ्यावर, पहाटे, पुन्हा एका विस्तवाजवळ त्याला तीन वेळा प्रीतीविषयी विचारले गेले. आणि प्रत्येक होकारासोबत त्याच्या हाती मेंढरे सोपवली गेली. होकार म्हणजे जबाबदारी, हे तेथे उमगते. म्हणूनच तर नकार सोपा असतो.

मी काही फार मोठे करीत नाही. लग्नाच्या पंगतीत कोणी म्हणाले, "ही सगळी थोतांडं आहेत", की पूर्वी मी मान डोलवीत असे. आता शांतपणे कासवांची गोष्ट सांगतो. कोणी ऐकतो, कोणी वाढप्याला हाक मारतो. नात आणि मी दरवर्षी वेळासला जातो. त्या सकाळी पाण्यात शिरलेली पिले जगली, तर सुमारे पंधरा वर्षांनी त्यांतल्या माद्या अंडी घालायला किनाऱ्यावर येतील. तेव्हा मी नसेन. नात असेल. वाळू किती तापलेली असेल, हे तिला मोजावे लागेल. आणि आजोबा त्या वेळी काय म्हणाले होते, हेही तिला आठवेल.