चिकलठाण्याचे शिवार आणि गोल्फचे अडथळे

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने पूर्वेला निघाले की चिकलठाणा लागते. आज लोक हे नाव विमानतळामुळे आणि औद्योगिक वसाहतीमुळे ओळखतात. पण शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर जुने शिवार अजून ओळखू येते. सुखना नदीच्या अंगाला पावसाळ्यात पाय रुतवणारी काळी जमीन, चढाला लागले की वीतभर मातीखाली मुरूम. मधेच एखादी घळ, बांधावर बाभळी आणि कडुनिंब. नांगर धरणाऱ्याला यातली निम्मी गोष्ट अडचणीचीच वाटते. मात्र गोल्फच्या मैदानाचा आराखडा करणाऱ्या माणसाला हेच शिवार दाखवले, तर तो आधी घळीपाशी जाऊन उभा राहील आणि खूश होईल!

हा खेळ काठीने लहानसा पांढरा चेंडू टोलवत नेऊन सव्वाचार इंच व्यासाच्या भोकात घालण्याचा. अशी अठरा भोके, आणि सगळ्या मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन. कमीत कमी टोल्यांत जो फेरी पुरी करील तो जिंकला. वाट सरळ-सपाट असती तर दोन दिवसांत कंटाळा आला असता, म्हणून वाटेत वाळूचे खड्डे, तळी, ओढे, झाडे आणि उंच गवत ठेवतात. चेंडू पाण्यात गेला तर एक टोला दंडाचा. वाळूत गेला तर बहुधा तेथूनच काढावा लागतो, आणि मग खेळाडू दंताळ्याने वाळू सारखी करून जातो. खड्ड्याशेजारी ते दंताळे ठेवलेलेच असते.

हे वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, पहिल्यांदा कोणी कागदावर आखले नाहीत. स्कॉटलंडच्या समुद्रकाठी वाळूच्या टेकाडांवर पीक येत नसे, तेथे मेंढ्या चरत. बोचऱ्या वाऱ्यापासून आडोसा म्हणून त्या एकाच जागी अंग चोरून बसत, गवत मरे, वाळू उघडी पडे, वारा ती उडवी आणि खड्डा वाढे. आपल्याकडे धनगर बांधव शेतात मेंढ्या बसवतात ते खतासाठी. तिकडच्या मेंढ्यांनी बसून खेळाला खड्डे दिले. १४५७ साली तेथील राजाने या खेळावर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून यातच रमू लागले होते. आज सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर शंभरावर बंकर आहेत.

अडथळा ठेवण्याचे खरे कसब मात्र शिक्षा करण्यात नाही. चांगला आराखडा खेळाडूपुढे दोन वाटा ठेवतो. तळ्यावरून चेंडू उडवला तर एक टोला वाचतो, पण चुकला तर दंड. वळसा घालून गेले तर धोका नाही, पण टोला जास्त. पावसाळ्यात नाल्यातून बैलगाडी घालावी की पुलावरून लांबून न्यावी, हाच तो हिशेब. घरी सगळेच ओझे एका गाडीत असेल तर शहाणा माणूस पुलाकडे वळतो.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात सॉग्रास येथे १९८० साली खुल्या झालेल्या मैदानाची गोष्ट मला फार आवडते. पीट डाय हे त्याचे आखणीकार. सतराव्या भोकाजवळ वाळू चांगली निघाली, ती मैदानात इतरत्र घालायला खणत गेले आणि तेथे भला मोठा खड्डा पडला. आता करायचे काय? त्यांच्या पत्नी ॲलिस डाय स्वतः आखणीकार. त्यांनी सुचवले की खड्डा पाण्याने भरू द्या आणि भोक मधल्या बेटावर ठेवा. आज जगातले खेळाडू त्या बेटाला वचकून असतात. आपल्याकडे मुरूम काढून टाकलेले खड्डे गावोगाव पडून आहेत, त्यांच्याकडे कोणी असे पाहत नाही.

पुण्यात येरवड्याला विमानतळाच्या वाटेवर गोल्फचे मैदान आहे. मला तेथे पाहायचे होते ते गवत. उष्ण प्रदेशातल्या मैदानांवर लावतात ते बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी, किंवा तिच्या संकरित जाती. जी हरळी खणता खणता आपल्या आयाबायांची कंबर मोडते, तिला तिकडे खत, पाणी आणि रोज कापणी!

पाण्याचे नाव निघाले की मराठवाड्याच्या माणसाला हसू येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितले. आपल्या भागात गोल्फ खेळायचाच असेल तर तो शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर खेळावा, धरणाच्या पाण्यावर नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही त्या मैदानांवरची तळी नीट पाहण्यासारखी असतात. ती बहुधा सखल जागी, उताराचे पाणी आपोआप येईल अशी खणतात आणि त्याच पाण्यावर गवत भिजवतात. आपले शेततळे याहून वेगळे नाही. फरक आहे तो काठाचा. चांगल्या आखणीत काठाशी उथळ पायरी ठेवतात, म्हणजे कोणी घसरले तरी बुडत नाही. आपल्या मुरमाड जमिनीत पाणी टिकावे म्हणून प्लास्टिकचा कागद अंथरावा लागतो. तो शेवाळाने इतका निसरडा होतो की पोहणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही. शेततळ्यात लेकरे बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी वाचाव्या लागतात. तेव्हा तळ्याला चहूकडून कुंपण घालावे, फाटकाला कुलूप असावे, आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर पाण्यात सोडून त्यांची वरची टोके पक्क्या खुंट्यांना बांधावीत. दोर उन्हाने कुजतात, म्हणून दर उन्हाळ्यात ओढून पाहावेत.

हरळीलाही एक काम आहे. सांडव्यावर आणि बांधाच्या उतारावर ती लावली तर माती धरून ठेवते. बांधापासून दोन हात आत आली की मात्र खणून काढावी.